स्पेशालिस्ट की ऑलराउंडर: डी अँड डीचं कॅरेक्टर कोणत्या क्रमाने बांधायचं

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हा टेबलावर बसून फासे टाकत खेळायचा भूमिका-खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीत पॉइंट-बायने, म्हणजे कॅरेक्टरच्या सहा गुणांचे आकडे पॉइंट खर्चून घेत, कॅरेक्टर बनवताना २७ पॉइंट मिळतात. या २७ पॉइंटांत दोन टोकाची शीट्स बरोबर बसतात. एक म्हणजे १३, १३, १३, १२, १२, १२. दुसरं म्हणजे १५, १५, १५, ८, ८, ८. पहिलं बनवणारा म्हणतो, मी ऑलराउंडर. दुसरं बनवणारा म्हणतो, मी स्पेशालिस्ट. चार सेशन झाल्यावर दोघांचीही तक्रार एकच असते: "माझ्या कॅरेक्टरला काही करायलाच मिळत नाही."

चूक आकड्यांत कमी असते, क्रमात जास्त. बहुतेक जण आधी क्लास (कॅरेक्टरचा पेशा: फायटर, विझर्ड, बार्ड वगैरे) निवडतात, मग आकडे वाटतात, मग स्किल्सवर टिकमार्क करतात आणि शेवटी टेबलावर येऊन बाकीच्यांनी काय आणलंय ते बघतात. हा क्रम उलटा करायचा आहे. खालचे आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या नियमपुस्तकात जिथे खरोखर फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: शीटला हात लावण्याआधी चार प्रश्न

सेशन झिरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) किंवा ग्रुपवर ही उत्तरं आधी मिळवा.

१. खेळाडू किती, आणि *दर वेळी* येणारे किती? कागदावर पाच असतात, टेबलावर साडेतीन. कुणाची शिफ्ट बदलते, कुणी लग्नाला गावी जातो. कुलूप उघडणारं एकच कॅरेक्टर असेल आणि त्याच शनिवारी त्याचा खेळाडू ऑन-कॉल असेल, तर पार्टी (सगळ्या कॅरेक्टरांचा गट) तळघराच्या दारासमोर तासभर बसते. चार किंवा त्याहून कमी लोक असतील तर निदान एक ऑलराउंडर हवाच. सहा असतील तर ऑलराउंडरला श्वास घ्यायला जागा उरत नाही, कारण प्रत्येक कामात त्याच्यापेक्षा चांगला कुणीतरी टेबलावर असतोच.

२. कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) कुठल्या लेव्हलपर्यंत चालणार? सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. का, ते टप्पा ५ मध्ये.

३. डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) गटाची चाचणी कशी घेतो? सगळे लपून जात असतील तर प्रत्येकाचा निकाल वेगळा धरतो, की निम्मे यशस्वी झाले तर सगळे पार असं धरतो?

४. एका चाचणीत हुकल्यावर दुसऱ्याला लगेच प्रयत्न करू देतो का?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर डीएम म्हणाला "बघू तेव्हा", तर गोड बोलून उत्तर काढून घ्या. पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे.

टप्पा २: कामांची यादी, क्लासची नाही

"टँक कोण, हीलर कोण" अशी वाटणी करू नका. ती कॉम्प्युटर गेममधून आलेली सवय आहे आणि डी अँड डीत निम्मीच लागू पडते. त्याऐवजी कामं लिहा: पुढे उभं राहून मार खाणं, लांबून मारा, पडलेल्याला उठवणं, कुलूप आणि सापळे, बोलणी, पुढे जाऊन टेहळणी, माहिती काढणं.

प्रत्येक कामासमोर दोन रकाने करा, *मुख्य* आणि *राखीव*. मुख्य रकान्यात एकच नाव. राखीव रकाना रिकामा राहिला तरी चालेल अशी कामं फार थोडी असतात.

"पडलेल्याला उठवणं" हे काम जरा जवळून बघा, कारण इथे गैरसमज सगळ्यात जास्त. शून्य हिट पॉइंटवर (हिट पॉइंट म्हणजे कॅरेक्टरची उरलेली ताकद) पडलेल्याला एक हिट पॉइंट मिळाला तरी तो उठतो. हीलिंग वर्ड हा पहिल्या लेव्हलचा मंत्र बार्ड, क्लेरिक आणि ड्रुइड तिघांनाही मिळतो, ६० फुटांवरून टाकता येतो आणि फक्त बोनस अॅक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) खातो. म्हणजे या कामाला पूर्णवेळ स्पेशालिस्ट लागतच नाही. ज्यांच्याकडे हा मंत्र आहे अशी दोन कॅरेक्टर्स पुरतात. दोन का? एकच असेल आणि तोच पडला तर त्याला कोण उठवणार?

> तपासा: यादीतल्या कुठल्या कामासमोर मुख्य रकान्यात दोन नावं आली? त्या दोघांपैकी एकाला आत्ताच हलवा. दोन रेंजर एकाच झाडावर चढून एकच गोष्ट बघतात, हे पहिल्या सेशनला गंमतशीर वाटतं, सहाव्याला नाही.

टप्पा ३: कुठलं काम कुणाचं, ते फाशावरून ठरवा

आता खरी गोष्ट. "हे महत्त्वाचं स्किल आहे, म्हणून स्पेशालिस्ट हवा" हा विचार चुकीचा. विचारायचं ते असं: या कामात फासा *किती जण* टाकतात आणि *किती जणांचं* यश लागतं? त्यावरून तीन प्रकार पडतात.

*पहिला प्रकार: एकच जण, बहुधा एकदाच.* सापळा निकामी करणं, पहारेकऱ्यांच्या म्होरक्याला पटवणं, बनावट परवाना तयार करणं. हुकलं की किंमत मोजावी लागते आणि दुसरी संधी सहसा नसते. इथे स्पेशालिस्ट सोन्यासारखा. लेव्हल २ चं 'रोग' क्लासचं कॅरेक्टर घ्या. डेक्स्टेरिटी १६ म्हणजे +३, आणि ज्यात एक्सपर्टीज (खास प्रावीण्य) आहे त्यात प्रोफिशियन्सी बोनस (शिकलेल्या कामात मिळणारी भर) दुप्पट, म्हणजे +४. एकूण +७. डीसी म्हणजे वीस बाजूंचा फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा. डीसी १५ साठी फाशावर ८ किंवा त्याहून जास्त पडलं पाहिजे, म्हणजे ६५ टक्के. सोबत्याने हेल्प केली आणि दोन फासे टाकून मोठा घेता आला, तर हेच ८८ टक्क्यांवर जातं. +१ वाल्याला त्याच कामात ३५ टक्के मिळतात.

*दुसरा प्रकार: सगळे प्रयत्न करतात, एकाचं यश पुरतं.* खोलीत काही लपवलंय का, या चिन्हाचा अर्थ कुणाला ठाऊक आहे का. चारही जणांकडे फक्त +१ असला तरी डीसी १५ ला निदान एकाचं जमण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. एकट्या +७ वाल्यापेक्षा ही जास्त आहे! तरीही दर पार्टीत कुणीतरी पर्सेप्शनमध्ये एक्सपर्टीज टाकतोच. डीएम सगळ्यांना फासा टाकू देत असेल तर ती एक्सपर्टीज बऱ्याच अंशी वाया जाते. मात्र डीएम "एकानेच बघा" म्हणणारा असेल किंवा पॅसिव्ह पर्सेप्शनवर (फासा न टाकता धरलेला लक्ष जाण्याचा आकडा) खेळ चालवत असेल, तर हेच काम पहिल्या प्रकारात जातं. टप्पा १ मधला चौथा प्रश्न यासाठीच होता.

*तिसरा प्रकार: सगळ्यांना पार व्हावं लागतं.* लपून जाणं, कडा चढणं, आगीच्या गोळ्यातून वाचणं. इथे स्पेशालिस्ट एकटा काहीच करू शकत नाही. उदाहरण: लेव्हल २ ची पार्टी छावणीतून लपून चालली आहे, डीसी १५. रोग +७, म्हणजे ६५ टक्के. विझर्ड, स्टेल्थ शिकलेला नाही पण डेक्स्टेरिटी १६, म्हणून +३, ४५ टक्के. बार्ड, डेक्स्टेरिटी १४ आणि जॅक ऑफ ऑल ट्रेड्सचा (न शिकलेल्या स्किललाही बार्डला मिळणारा) अर्धा बोनस, तोही +३, ४५ टक्के. आणि चेन मेल घातलेला लाइफ डोमेनचा क्लेरिक. बोनस शून्य, वर चिलखतामुळे दोन फासे टाकून छोटा घ्यायचा. त्याचे ९ टक्के.

चौघांनीही पार व्हायला हवं असेल तर शक्यता जेमतेम १ टक्का. निम्मे पार झाले की सगळे पार, असा गटाचा नियम लावला तर ५६ टक्के. रोगची स्टेल्थ +७ वरून +९ वर नेली तरी पहिल्या आकड्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. क्लेरिकने त्या रात्रीपुरतं चिलखत उतरवलं, तर पडतो.

> सावध: डीएम गटाचा नियम वापरत नसेल तर स्टेल्थचा स्पेशालिस्ट फक्त एकट्याने पुढे जायला उपयोगी. आणि पार्टी सोडून एकट्याने पुढे गेलेल्या कॅरेक्टरचं काय होतं, हे ज्याने दोन कॅम्पेन खेळल्यात त्याला सांगायला नको.

थोडक्यात, पहिल्या प्रकारच्या कामांना एक माणूस नेमा, तिसऱ्यासाठी सगळ्यांची तळाची पातळी थोडी उचला, दुसऱ्यावर फारसं खर्चू नका. कामांच्या यादीत प्रत्येक कामासमोर पेन्सिलने १, २, ३ लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

टप्पा ४: आकडे

आता कुठे क्लास आणि आकडे.

मुख्य आकडा लेव्हल १ ला, सगळे बोनस धरून, १६ करा. स्पेशालिस्ट असो वा ऑलराउंडर, दोघांनाही हे लागू. १४ वर थांबलात तर प्रत्येक फेकीमागे फरक फक्त ५ टक्क्यांचा, त्यात आभाळ कोसळत नाही. पण हल्ला, मंत्राचा डीसी, मुख्य स्किल सगळीकडे तोच एक कमी पडत राहतो, आणि लेव्हल ४ चा वाढीव आकडा भरपाईतच जातो.

दुसरं, कॉन्स्टिट्यूशन ८ ठेवू नका. १४ उत्तम, १२ चालेल.

तिसरं, विषम आकड्यांकडे लक्ष द्या. १२ ला ४ पॉइंट लागतात, १३ ला ५, आणि बोनस दोन्हीला +१ च. सुरुवातीच्या त्या सपाट शीटवर तीन १३ आहेत, म्हणजे तीन पॉइंट नुसते पडून आहेत. ते १३ कशाने तरी १४ होणार असतील तरच परवडतं.

ऑलराउंडरचं चांगलं शीट असं दिसतं. हाफ-एल्फ बार्ड: स्ट्रेंग्थ ८, डेक्स्टेरिटी १३, कॉन्स्टिट्यूशन १३, इंटेलिजन्स १२, विस्डम १२, करिश्मा १५. बरोबर २७ पॉइंट. हाफ-एल्फचा करिश्म्याला +२ आणि दोन १३ ना एकेक मिळाला की ८, १४, १४, १२, १२, १७. एक मोठा आकडा, चार कामचलाऊ, आणि एकच खड्डा, तोही जिथे दुसरं कुणी भरून काढणार आहे तिथे. या शीटला खरा ऑलराउंडर म्हणायचं. सतरा विषम आहे खरा, पण लेव्हल ४ ला करिश्म्यात +१ देणारं एखादं फीट (खास क्षमता) घेतलं की तो अठरा होतो. २०२४ च्या नियमांत हे बोनस वंशाऐवजी बॅकग्राउंडकडून येतात, म्हणून तिथे बॅकग्राउंड आधी ठरवा आणि मग पॉइंट वाटा.

टप्पा ५: स्किल्स आणि एक्सपर्टीज

इथे कॅम्पेनची लांबी कामाला येते. लेव्हल २ ला एक्सपर्टीजवाला रोग +७ आणि वरवर जाणणारा बार्ड +३. अंतर ४ चं. लेव्हल ९ ला रोगची डेक्स्टेरिटी २० झालेली असते आणि प्रोफिशियन्सी बोनस +४, म्हणजे दुप्पट धरून एकूण +१३. बार्ड तेव्हाही +४ वर. अंतर ९. डीसी २० च्या चाचणीत रोग ७० टक्के वेळा पार होतो, बार्ड २५ टक्के.

म्हणून तीन-चार लेव्हलांत संपणाऱ्या छोट्या कॅम्पेनमध्ये ऑलराउंडर झकास चालतो, तो कुठेच फार मागे पडत नाही. लांबच्या कॅम्पेनमध्ये त्याने निदान दोन कामांत खरी प्रोफिशियन्सी आणि एक्सपर्टीज घेतली पाहिजे. अर्ध्या बोनसवर विसंबला तर लेव्हल ८ नंतर तो फक्त हेल्प करणारा उरतो. बार्डला एक्सपर्टीज २०१४ च्या नियमांत लेव्हल ३ ला मिळते, २०२४ च्या नियमांत लेव्हल २ ला.

नेहमी होणाऱ्या चुका:

- डिसेप्शन आणि पर्स्वेशन दोन्हीत एक्सपर्टीज. दोन्ही करिश्म्यावर, दोन्ही एकाच प्रसंगात लागतात. एक ठेवा, दुसरी वेगळ्या प्रसंगात लागणाऱ्या स्किलवर टाका.
- रोगने थीव्ज टूल्स (कुलूप-सापळ्यांची अवजारं) विसरणं. एक्सपर्टीज त्यांच्यावरही घेता येते, आणि ते शुद्ध पहिल्या प्रकारचं काम आहे.
- बॅकग्राउंड नुसतं गोष्टीसाठी निवडणं. क्रिमिनल बॅकग्राउंड घेतलेल्या, डेक्स्टेरिटी १६ च्या विझर्डला थीव्ज टूल्स येतात. तुमचा राखीव कुलूपवाला तयार! नॉक मंत्रानेही कुलूप उघडतं, पण त्याचा ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो.
- हेल्प गृहीत धरणं. कुलूप उघडायला मदत करायची तर मदतनिसालाही थीव्ज टूल्स चालवता यायला हवीत. २०२४ च्या नियमांत तर चाचणीत मदत करायला मदतनिसाकडे त्या स्किलची किंवा अवजाराची प्रोफिशियन्सी लागतेच. ऑलराउंडरची खरी किंमत इथे आहे. दहा स्किल्स येणारा लोर कॉलेजचा बार्ड जवळपास कुणालाही मदत करू शकतो.

टप्पा ६: स्पेशालिस्टला दुसरं काम द्या

फक्त आगीचे मंत्र असलेला विझर्ड लाल ड्रॅगनसमोर उभा राहिला की काय होतं? काहीच नाही. लाल ड्रॅगनला आग लागत नाही. विषावर भर देणाऱ्यांची गत आणखी वाईट. सांगाडे, झॉम्बी आणि एकूणच मेलेल्यांच्या जातकुळीतल्या बहुतेकांना विष बाधत नाही, आणि असे राक्षस कॅम्पेनमध्ये पोत्याने येतात.

लढणाऱ्या स्पेशालिस्टने माऱ्याचे निदान दोन प्रकार जवळ ठेवावेत. मंत्रवाल्याने निदान एक मंत्र असा ठेवावा ज्यात समोरच्याला डेक्स्टेरिटीऐवजी दुसरा सेव्ह (मंत्राचा परिणाम टाळायची चाचणी) टाकावा लागतो, आणि एक असा ज्याचा लढाईशी संबंधच नाही. एवढं पुरे. याहून जास्त पसरलात तर स्पेशालिस्ट राहिला कुठे?

> तपासा, तीन प्रसंगांची चाचणी: शीट समोर ठेवा आणि मोठ्याने सांगा, माझं कॅरेक्टर (अ) लढाईच्या तिसऱ्या फेरीत, (आ) सरदाराच्या दरबारात, (इ) उजाड गावात शोध घेताना *नेमकं* काय करतं? "बाकीच्यांच्या मागे उभा राहतो" हे उत्तर एकदा चालेल. दोनदा आलं तर टप्पा ५ वर परत जा. सपाट शीटवाल्यांनीही ही चाचणी द्यावी. त्यांची उत्तरं तिन्ही वेळा येतात, पण तिन्ही वेळा तेच काम दुसरा कुणीतरी जास्त चांगलं करत असतो.

टप्पा ७: मल्टिक्लासचा मोह

ऑलराउंडर म्हणजे मल्टिक्लास (एकाच कॅरेक्टरला एकाहून जास्त क्लास), हे समीकरण डोक्यातून काढा. एकाच क्लासचा बार्ड पाच क्लास जोडलेल्या शीटपेक्षा जास्त कामं करतो.

नवख्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे क्लेरिक ३, विझर्ड २. एकूण लेव्हल ५. मंत्रांचे स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) बेरजेने मिळतात, त्यामुळे तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट शीटवर दिसतात आणि माणूस खूश होतो. पण मंत्र शिकता येतात ते प्रत्येक क्लासच्या स्वतंत्र लेव्हलप्रमाणे. विझर्डकडून पहिल्या पातळीचे, क्लेरिककडून दुसऱ्या. तिसऱ्या पातळीचे फायरबॉल नाही, रिव्हिव्हिफाय नाही. त्या मोठ्या स्लॉटमधून लहान मंत्रच फुगवून टाकायचे. वर लेव्हल ४ चा वाढीव आकडाही गेला, कारण तोही क्लासच्या लेव्हलवर मिळतो, एकूण लेव्हलवर नाही. त्याच वेळी शेजारचा लेव्हल ५ चा फायटर दोनदा वार करू लागलेला असतो.

नियम सोपा ठेवा: कुठल्यातरी एका क्लासच्या लेव्हल ५ पर्यंत फाटा फोडू नका. अपवाद एकच, नेमक्या एका गोष्टीसाठी घेतलेली एकच लेव्हल. फायटरने सुरुवात करून पुढे विझर्ड होणारा कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हची प्रोफिशियन्सी घेऊन येतो. ती पहिल्या क्लासकडूनच मिळते, नंतर फायटर जोडून मिळत नाही. म्हणजे इथेही क्रम चुकला की फायदा गेला. दोन्ही क्लासच्या मुख्य आकड्यांत १३ लागतात हे आकडे वाटतानाच लक्षात ठेवा.

डी अँड डी सोडून

कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या भूमिका-खेळाच्या सातव्या आवृत्तीत फासा शंभराचा, आणि तिथली सर्रास चूक म्हणजे पॉइंट उधळून सगळीकडे ४० टक्के करून ठेवणं. कठीण चाचणीत निम्म्या आकड्याखाली यावं लागतं, म्हणजे ४० चे २० होतात. लायब्ररी यूज हे स्किल तर न शिकता सगळ्यांना २० असतंच! व्यवसायाच्या स्किल्सपैकी दोन-तीन ६० ते ७० वर न्या, उरलेल्यांत थोडं थोडं. आणि इथे राखीव रकाना डी अँड डीपेक्षाही गंभीरपणे भरा, कारण तुमचा एकुलता एक डॉक्टर तिसऱ्या सेशनला भ्रमिष्ट होण्याची शक्यता बरीच आहे.

टप्पा ८: तिसऱ्या सेशननंतर

तीन सेशन खेळून झाल्यावर शीट परत काढा. ज्या स्किलवर एकदाही फासा टाकला नाही त्यावर खूण करा. बार्डला प्रत्येक लेव्हलला एक मंत्र बदलता येतो, क्लेरिक आणि विझर्डला रोजची तयारी बदलता येते, म्हणून मंत्रांची चूक निस्तरणं सोपं. स्किल्स आणि एक्सपर्टीज बदलायची तर डीएमची परवानगी लागते. ती लेव्हल ३ च्या आत मागा, बहुतेक डीएम देतात. मागताना कामांची यादी सोबत न्या आणि कुठलं काम रिकामं राहतंय ते दाखवा. नुसतं "मजा येत नाहीये" म्हणालात तर डीएम तुम्हाला एखादी जादूची तलवार देऊन मोकळा होईल, आणि कुलूप तसंच बंद राहील.